विभाजन रेषा (साचा)

साच्याचे दोन भाग वस्तूच्या पृष्ठभागावर ज्या रेषेत एकमेकांना भिडतात, तिला विभाजन रेषा म्हणतात. कारखान्यांत ती पार्टिंग लाइन या नावाने ओळखली जाते. इंजेक्शन मोल्डिंग पद्धतीत वितळलेले प्लॅस्टिक बंद साच्यात दाबाने भरले जाते आणि ते थंड झाल्यावर साचा उघडून वस्तू बाहेर काढली जाते. वस्तूला साधारणतः बाहेरचा आकार देणाऱ्या भागास कॅव्हिटी, तर आतला आकार देणाऱ्या भागास कोअर म्हणतात. वस्तूच्या संगणकीय सरफेस मॉडेलचे या रेषेवर विभाजन करणे ही साचा रचनेतील निर्णायक पायरी आहे.

रेषेचे स्थान

विभाजन रेषा मनाप्रमाणे आखता येत नाही. वस्तूचा आकार आणि साचा उघडण्याची दिशा यांवरून ती ठरते. त्या दिशेने पाहिल्यास वस्तूची जी बाह्य कड दिसते, तेथे पृष्ठभागावरील लंब उघडण्याच्या दिशेशी ९० अंशांचा कोन करतो. विभाजन रेषा सामान्यतः याच कडेने जाते. चेंडूवर ती विषुववृत्तासारखी असते, निमुळत्या बादलीवर काठाशी येते, तर चमच्यावर कडेबरोबर वरखाली होते.

सरळ उभ्या भिंतीवर मात्र सर्वत्र ९० अंशांचाच कोन असल्याने रेषा निश्चित होत नाही. शिवाय वस्तू निघताना साच्याला घासते. म्हणून अशा भिंतींना सामान्यतः १ ते २ अंशांचा उतार दिला जातो. बाजूची छिद्रे किंवा आकडे यांसारखे आड येणारे भाग आडव्या सरकत्या कोअरने घडवले जातात.

विभाजनाची प्रक्रिया

सरफेस मॉडेलला जाडी नसते. ते एकमेकांना जोडलेल्या पृष्ठखंडांचे बनलेले असते. त्यामुळे खंडांमधील फटी प्रथम बुजवाव्या लागतात. प्लॅस्टिक थंड होताना आकसते, म्हणून मॉडेल तेवढ्या प्रमाणात मोठे केले जाते. एबीएससाठी हे प्रमाण साधारण ०.४ ते ०.७ टक्के असते. त्यानंतर रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले खंड रेषेवर छेदले जातात, आरपार छिद्रे पृष्ठांनी बंद केली जातात आणि रेषेपासून ठोकळ्याच्या कडेपर्यंत विभाजन पृष्ठ वाढवले जाते. हे पृष्ठ ठोकळ्याचे कोअर व कॅव्हिटी असे दोन भाग करते.

चुकांचे परिणाम

रेषा योग्य जागेवरून ढळल्यास वस्तू साच्यात अडकते, ओरखडते किंवा तुटते. दोन भाग नीट न भिडल्यास फटीतून प्लॅस्टिक झिरपून पातळ पापुद्रा तयार होतो. त्याला फ्लॅश म्हणतात व तो कापून काढावा लागतो. संगणकावरील चूक सहज सुधारता येते. पोलाद कापल्यानंतर मात्र वेल्डिंग करून पुन्हा यंत्रकाम करावे लागते किंवा तो भाग नव्याने घडवावा लागतो.

निर्दोष साच्यातील वस्तूवरही रेषेची पुसट खूण राहू शकते. म्हणून ती शक्यतो वस्तूच्या कडेला आणली जाते. टूथब्रशच्या दांड्यावर नख फिरवल्यास ती अनेकदा जाणवते.