आगबोटीवरील सोवळें

'देश तसा वेष' ही म्हण आपल्याकडे फार जुनी. परमुलखास निघालेल्या मुलास वडील माणसें ती हटकून ऐकवीत. परंतु मुंबईचें बंदर दिसेनासें झालें आहे आणि इंग्लंडचा किनारा अद्याप तीन आठवडे दूर आहे, अशा मधल्या स्थितींत उतारूनें कोणता वेष करावा, याचें उत्तर त्या म्हणींत सांपडत नाहीं. समुद्र हा कोणाचाच देश नव्हे. मात्र त्यावरून जाणारी विलायती आगबोट हा इंग्लंडचाच एक तरंगता तुकडा असे. त्या तुकड्याचे स्वतःचे कायदे होते, आणि त्यांतील सर्वांत कडक कायदा सायंकाळीं भोजनाचें बिगूल वाजलें म्हणजे अंमलांत येई.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. टपाल आणि सरकारी अंमलदार यांची नेआण करणाऱ्या त्या आगबोटी विमानांनीं केव्हांच मोडींत काढल्या. परंतु केवळ सहलीसाठीं फिरणाऱ्या 'क्रूझ' जहाजांचा काळ आतां भरास आला आहे. मुंबई बंदरांतून देशी कंपनीचें असें जहाजही निघूं लागलें. आमच्या पुण्यांतील सेवानिवृत्त मंडळी हौसेनें अशा सफरींवर जातात आणि परदेशी कंपन्यांच्या सूचनापत्रांतील 'फॉर्मल नाइट' हे दोन शब्द वाचून विचारांत पडतात. सूट शिवावा काय? धोतर चालेल काय? नऊवारी नेसून गेल्यास लोक हंसतील काय? हे प्रश्न शिंप्याला विचारले जातात. वास्तविक ते इतिहासाला विचारावयास पाहिजेत. कारण आपल्या लोकांनीं त्यांचीं निरनिराळीं उत्तरें गेल्या अडीचशें वर्षांत देऊन ठेविलीं आहेत.

प्रथम हा सायंवेष म्हणजे काय तें पाहूं. मागें दोन शेपट्या असलेला काळा कोट, पांढरी बंडी, पांढरा फुलपाखरी टाय आणि खळ देऊन ताठ केलेला सदरा, हा इंग्रजांचा रात्रीच्या भोजनाचा पोशाख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कायम झाला. १८६० नंतर त्यास एक सुटसुटीत धाकटा भाऊ मिळाला. शेपट्या गेल्या, कोट आंखूड झाला, टाय काळा झाला. यासच पुढें 'ब्लॅक टाय' हें नांव पडलें. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत पुरुषांनीं हा वेष व स्त्रियांनीं लांब झगा घालून येण्याचा शिरस्ता असे. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्रीं मात्र सूट मिळे, आणि तिचें कारण अगदीं व्यवहारी होतें. पहिल्या रात्रीं पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्रीं त्या पुन्हां बांधलेल्या असत. आजच्या सहलीच्या जहाजांवरही पहिली रात्र बहुधा साध्या पोशाखाची असते, ती याच जुन्या वहिवाटीची खूण होय.

आतां हें सर्व ऐकून हंसूं येणाऱ्या वाचकानें आपल्या आजोबांच्या माजघराकडे क्षणभर वळून पाहावें. जेवणाची वेळ झाली म्हणजे तेही कपडे बदलीत. कचेरीचा अंगरखा आणि पगडी खुंटीवर जाई, स्नान होई, आणि मुकटा किंवा पीतांबर नेसून उघड्या अंगानें ते पाटावर बसत. साहेब भोजनासाठीं कपडे चढवी, आपण उतरवीत असूं. पण दोहोंच्या मुळाशीं कल्पना एकच होती. दिवसभर ज्या वस्त्रांनीं धंदा, चाकरी आणि धूळ यांशीं संबंध ठेविला, त्या वस्त्रांनीं ताटाशीं यावयाचें नाहीं. या दृष्टीनें पाहिल्यास काळा कोट हें इंग्रजांचें सोवळेंच होतें. साम्य एवढ्यावरच थांबत नाहीं. सोवळें जसें ताटाचा मान राखी, तसेंच तें पंक्तीस कोणी बसावें आणि कोणी बसूं नये हेंही ठरवी. काळ्या कोटानेंही दोन्ही कामें केलीं. एकाची कसोटी शुद्धाशुद्धतेची, दुसऱ्याची वर्गाची आणि पैशाची, इतकाच फरक. एकच वस्त्र एका बाजूनें आदर असतें आणि दुसऱ्या बाजूनें कुलूप असतें, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व उदाहरणांचा अर्थ लागतो.

पहिलें उदाहरण पेशवाईंतलें. १७८१ सालीं रघुनाथरावानें इंग्लंडांत पाठविलेले वकील हणमंतराव हे ब्राह्मण. तेथें त्यांच्या आचारधर्माची अडचण पाहून प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतलें कांचघर त्यांच्या स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. यजमानाचें हें सौजन्य खरोखर मोठें. परंतु या मार्गानें दोन सोवळीं शेजारीं शेजारीं नांदलीं, एका टेबलाशीं आलीं नाहींत.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं 'क्लाइड' नांवाच्या आगबोटीनें मुंबईहून एक अठरा वर्षांचा विद्यार्थी बॅरिस्टर होण्यास निघाला. त्याचें नांव मोहनदास गांधी. मित्रांनीं करविलेले विलायती कपडे त्याच्याजवळ होते. टाय त्यास प्रथम आवडला नाहीं आणि आंखूड कोट असभ्य वाटला. बोटीवर तो काळा सूट घाली. पण कांटा कसा धरावा आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा संकोच वाटे, म्हणून भोजनगृहांत न जातां बरोबर आणलेल्या मिठाईवर व फळांवर तो आपल्या खोलींत भागवी. किनाऱ्यास लागतांना त्यानें जपून ठेविलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट चढविला, तों सप्टेंबर अखेरच्या त्या गर्दींत पांढरे कपडे घातलेला तोच एकटा! पुढें लंडनांत बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून त्यानें सायंवेषही शिवविला. ही सर्व हकीकत गांधीजींनीं आत्मचरित्रांत स्वतःच दिलेली आहे. तींतून दिसतें तें असें कीं, वेष विकत घेतां येतो, पण टेबलाशीं बसण्याचें धैर्य त्याबरोबर मिळत नाहीं.

या दोन टोकांच्या मधली वाट प्रथम एका महाराष्ट्रीय स्त्रीनें चोखाळली, हें विशेष होय. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. निघण्यापूर्वीं सेरामपूर येथील भाषणांत, आपण वेष आणि आहार बदलणार नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें होतें. वय अवघें अठरा. पुढें तिकडील थंडींत नऊवारीनें पाय उघडे पडूं लागले, तेव्हां त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. पण साडी सोडली नाहीं. १८८५ सालचें त्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या त्या वैद्यक महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनी, एक हिंदी, एक जपानी आणि एक सीरियातील, आपापल्या देशाच्या वेषांत त्यांत बसल्या आहेत. तिघींचेही पोशाख समारंभास शोभणारे आहेत आणि एकीचाही उसना नाहीं. 'राष्ट्रीय पोशाख' हा शब्द सूचनापत्रांत छापला जाण्यापूर्वीं त्याचा अर्थ या तिघींनीं दाखवून दिला.

इकडे पुण्यांत त्या काळीं काय चाललें होतें? १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. रानडे व टिळक हे दोघेही त्यांत होते. आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापविलीं, आणि पुढें प्रायश्चित्तांचें प्रकरण कित्येक महिने गाजत राहिलें. चहाच्या एका पेल्यानें जेथें एवढें वादळ होई, तेथून निघून साहेबाच्या टेबलाशीं जाणाऱ्या माणसाच्या मनाची ओढाताण केवढी असेल याची कल्पना करावी. त्याच्या दोन्ही बाजूंस सोवळीं उभीं होतीं.

ही ओढाताण ज्यांनीं सर्वांत सुरेख रीतीनें मिटविली ते नामदार गोखले होत. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते प्रथम विलायतेस गेले, आणि त्यानंतर अनेक वेळां. अंगांत विलायती धाटणीचा कोट आणि डोक्यास आपली पगडी, असें त्यांचें रूप तत्कालीन छायाचित्रांत दिसतें. १९१२ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले असतां जोहान्सबर्ग येथें त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. त्यांच्याजवळ एक उपरणें होतें. तें गुरु रानडे यांनीं दिलेलें, म्हणून खास प्रसंगींच ते तें घेत. नेमकें तें चुरगळलें होतें. धोब्याकडे पाठविण्यास वेळ नाहीं, आणि इस्त्री करूं पाहणाऱ्या गांधींच्या हातीं द्यावयास मन घेईना. वकिलीवर भरंवसा, पण धोबीपणावर नाहीं, अशी थट्टा त्यांनीं केली. अखेर गांधींनीं तें उत्तम इस्त्री करून दिलें आणि शाबासकी मिळविली. विनोद बाजूस ठेवून पाहावें. समारंभाच्या रात्रीं वस्त्र निर्मळ आणि बिनचुण्यांचें असावें, याविषयीं गोखल्यांचा कटाक्ष कोणाही साहेबापेक्षां कमी नव्हता. नियमाचा आत्मा त्यांनीं पुरा पाळला. बाह्यरूप मात्र स्वतःच्या गुरूकडून घेतलें.

आणि बाह्यरूप तरी साहेबाचें स्वतःचें कोठें होतें? उष्ण प्रदेशांत बंडी सोसेना म्हणून हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांनीं ती टाकून कमरेस रुंद रेशमी पट्टा गुंडाळण्यास आरंभ केला. तोच इंग्रजी सायंवेषांतील 'कमरबंड'. शब्द फारसी, वस्तु आपल्या दरबारांतली. लंडनच्या शिंप्याकडे ती आज मोठ्या मानानें विकली जाते, आणि आमचा मनुष्य तीच विकत घेतांना आपण परक्याचा वेष करीत आहों असें समजून बावरतो!

येथपर्यंत वरच्या मजल्याचा विचार झाला. पण आगबोटीस खालचे मजलेही होते. डेकवरील खलाशी पुष्कळसे कोंकण आणि गुजराथ किनाऱ्याचे, आणि भोजनगृहांत ताटें फिरविणारे बहुतेक गोंयकार. त्यांचा शुभ्र गणवेषही ठरलेलाच असे. मात्र तो टेबलाशीं बसण्याचा नव्हे, टेबलामागें उभें राहण्याचा. सायंवेषाचा इतिहास लिहितांना या माणसांचा विसर पडला तर तो इतिहास अर्धाच राहील.

वेषाचें हें कुलूप साहेबानेंच शोधून काढलें अशीही समजूत नसावी. पेशवाईंत सोनार मंडळी ब्राह्मणांप्रमाणें धोतर नेसूं लागली व 'नमस्कार' म्हणूं लागली, तेव्हां त्यास हरकत घेण्यांत आली, आणि १७७९ सालीं मुंबईच्या कंपनी सरकारकडूनही मनाईचा हुकूम निघाला. अस्पृश्य गणलेल्या जातींवरील निर्बंध तर याहून किती तरी कठोर होते. म्हणून १९३१ सालचा देखावा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठीं १५ ऑगस्ट रोजीं मुंबईहून 'मुलतान' बोटीनें डॉक्टर आंबेडकर निघाले; पंधरवड्यानें, २९ ऑगस्ट रोजीं, त्याच बंदरांतून 'राजपुताना' बोटीनें गांधीजी निघाले. बाँड स्ट्रीटचा सायंवेष शिवविणारे गांधी आतां पंचा नेसून दुसऱ्या वर्गानें जात होते, आणि त्याच पंचानें ते पुढें बादशहाच्या राजवाड्यांतही गेले. आंबेडकर मात्र नीटनेटक्या विलायती पोशाखाविषयीं आग्रही. एकानें सूट टाकून स्वातंत्र्य दर्शविलें, दुसऱ्यानें तो अंगावर घालून. ज्याच्या पूर्वजांना चांगलें वस्त्र नेसण्याचीच बंदी होती, त्याच्या अंगावरील सूट हें अनुकरण नव्हे, तो हक्काचा दस्तऐवज होय. यांपैकीं एकास खरा आणि दुसऱ्यास खोटा ठरविण्याची घाई वाचकानें करूं नये.

आजच्या प्रवाशासाठीं या इतिहासाचा निष्कर्ष काढणें कठीण नाहीं. समारंभाच्या रात्रीं सूटाच्या बरोबरीनें राष्ट्रीय पोशाखही चालतो, असें कांहीं कंपन्या आतां आपल्या सूचनापत्रांत स्पष्ट लिहितात. निघण्यापूर्वीं तें सूचनापत्र नीट वाचावें. बंद गळ्याचा कोट, शेरवानी, पैठणी किंवा नऊवारी यांपैकीं जें आपण घरच्या लग्नकार्यांत अवघडल्यावांचून वापरतों, तेंच बरोबर घ्यावें. ज्यास सूट आवडतो त्यानें तो खुशाल घालावा. एक गोष्ट मात्र करूं नये. वेषाच्या धास्तीनें खोलींत मिठाई खात बसूं नये, आणि वेषाच्या जोरावर शेजारच्या टेबलाकडे तुच्छतेनें पाहूं नये. चार घटका आपण एकत्र बसणार आहों, त्यांचा मान राखण्यासाठीं कपडे बदलावे, एवढीच मागणी जोंपर्यंत नियम करतो, तोंपर्यंत तो पाळण्यांत कमीपणा नाहीं. तोच नियम दाराशीं उभा राहून जात, वर्ण किंवा थैली विचारूं लागला, म्हणजे तो इंग्रजीत लिहिलेला असो वा संस्कृतांत, त्यास उत्तर देण्याचा अधिकार प्रत्येक उतारूस आहे.