काजू, बिब्बा आणि बायांचे हात

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यास आणला. पुढे तो घाट चढून चंदगडात आला आणि त्याच्या सोलाईवर येथील कित्येक चुली पेटू लागल्या. टरफलातील तेलाने हात काळवंडतात, फोड येतात. काजू बिब्ब्याच्याच कुळातला. बिब्बा कसा उततो, हे आपल्या आजीला ठाऊक होते. डॉक्टरी शास्त्रास त्याची नोंद करावी लागली: 1943 साली हिंदुस्थानातील अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठले, तेव्हा माग लागला तो परटाने कपड्यांवर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणेशी!

1948 च्या कारखाना कायद्यात पुढे रसायनस्पर्शाने होणारा त्वचारोग सरकारला कळविण्याच्या रोगांत आला. घरी बसून सोलणारी बाई मात्र त्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. त्वचारोगतज्ज्ञांची आजची अखिल भारतीय संघटना 1973 ची. तिच्या परिषदा, उजळणीवर्ग होतात. डॉक्टरांनी जन्मभर शिकत राहावे, हे आम्हां रात्रशाळेत शिकलेल्यांना मनापासून पटते. परंतु असे हात घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा मलम मिळाले. काम कोणते, हे कुणी विचारले नाही. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली लिहून ठेवले होते.