पेढीचे टपाल आणि दोन तिकिटे

व्यापाऱ्याने एकाच वेळी शंभर गिऱ्हाइकांस भावपत्रक धाडावयाचे म्हटले की टपालहशिलाचा विचार आधी करावा लागे. कंपनीच्या मुलुखात १८५४ पूर्वी हशील अंतरावर आकारीत. त्या वर्षी पाव तोळ्याच्या पत्रास सर्वत्र अर्धा आणा ठरला. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि खर्च निम्म्यावर आला. छापील मजकुरासाठी बुकपोस्टाची स्वस्त वाट होती. लेफाफ्याचे तोंड उघडे ठेवावे व आत खाजगी पत्र घालू नये, एवढीच तिची मुख्य अट. वृत्तपत्रांस १८९८ च्या कायद्याने निराळी सवलत मिळाली. मात्र अंक ३१ दिवसांच्या आत निघावा लागे आणि वर्गणीदारांची यादी खरी असावी लागे. जाहिरातीच्या पत्रकास वृत्तपत्राचे सोंग घेता येत नसे, आणि ते योग्यच होते.

बिदर जिल्ह्यातील चिंताकीची अडचण या साऱ्यांहून वेगळी. गाव हैदराबाद संस्थानातले. निजामाचे टपालखाते स्वतंत्र, १८६९ पासून तिकिटेही स्वतंत्र. संस्थानाबाहेर ती चालत नसत. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच असल्याने तेथवर संस्थानी तिकीट पुरे. सोलापूरच्या पेठेस लिहावयाचे, तर इंग्रजी तिकिटाची तजवीज हवी. कितीही काटकसर केली तरी एका गठ्ठ्याचे दोन गठ्ठे करणे चुकत नसे.

१ एप्रिल १९५० रोजी निजामाचे टपालखाते भारतीय खात्यात विलीन झाले. पुढे १९५६ साली उदगीर मुंबई राज्यात गेले आणि चिंताकी म्हैसूर राज्यात. परंतु या दोन गावांमधील कार्डाचे मोल त्या नव्या सरहद्दीमुळे एका पैशानेही वाढले नाही.