वकिलांचा न संपणारा अभ्यास : अमेरिकेतील सीएलईची ओळख



एके काळी अमेरिकेतला मराठी माणूस म्हणजे इंजिनियर, नाहीतर डॉक्टर, असे ठरलेले होते. आता आपल्या पुढच्या पिढीत अ‍ॅटर्नी झालेली मुले-मुलीही बरीच दिसू लागली आहेत. मग गणेशोत्सवाच्या जेवणात एखादी मावशी हमखास विचारते, "अगं, बारची परीक्षा पास होऊन चार वर्षं झाली ना? मग शनिवारी सकाळी अजून कसले क्लासेस?"

त्या क्लासेसचे नाव कंटिन्यूइंग लीगल एज्युकेशन, म्हणजे वकिलांचे निरंतर शिक्षण. सगळे जण त्याला नुसते सीएलई म्हणतात. घरात कुणी अ‍ॅटर्नी असेल तर हे नियम माहीत हवेतच. पण ज्यांच्या घरात वकील नाही त्यांनीही हा लेख वाचावा. ग्रीन कार्ड, घराची खरेदी, मृत्युपत्र, मुलाला मिळालेले पोलिसांचे समन्स, अशा कशासाठी तरी आपण कधी ना कधी वकिलाची पायरी चढतोच. तो वकील आपल्या विषयात शेवटचे कधी शिकला, हा मग आपल्याही घराचा प्रश्न होतो.

सीएलई म्हणजे काय?

लॉ स्कूलची पदवी आणि बारची परीक्षा झाली की वकिलीचे लायसन्स मिळते. ते टिकवण्यासाठी ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचे मान्यताप्राप्त शिक्षण घ्यावे लागते. यात परीक्षा सहसा नसते. हजेरी असते, प्रमाणपत्र मिळते आणि त्यावरून क्रेडिट मोजले जातात.

वकिलीचे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. त्यामुळे सीएलईचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. इतकेच काय, 'तास' सुद्धा सगळीकडे सारखा नाही! न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ५० मिनिटांचे एक क्रेडिट होते, तर कॅलिफोर्नियात पूर्ण ६० मिनिटे बसावे लागते.

थोडा इतिहास

वकिलांना शिकवण्याचे काम सक्तीच्या आधीपासून चालू होते. न्यूयॉर्कमधील प्रॅक्टिसिंग लॉ इन्स्टिट्यूट ही संस्था १९३३ सालची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, कॅलिफोर्नियात वकिलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण तेव्हा ज्याला शिकायचे तो शिके. सक्ती प्रथम आणली ती मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी, १९७५ मध्ये. पुढे एकेक राज्य त्यात येत गेले. न्यू जर्सीत सक्ती २०१० पासून आली, कनेटिकटमध्ये तर २०१७ पासून. मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मेरीलँड, साउथ डकोटा आणि वॉशिंग्टन डीसी येथे मात्र अनुभवी वकिलांवर दर वर्षी तास भरण्याची सर्वसाधारण सक्ती नाही.

राज्याराज्यांतले नियम

आपली मराठी वस्ती जिथे जास्त आहे अशा काही राज्यांचे नियम असे :

न्यूयॉर्क : अनुभवी वकिलांना दोन वर्षांत २४ क्रेडिट. त्यात नीतिमत्ता आणि व्यावसायिक आचरणाचे ४, भेदभाव टाळण्याविषयी १ आणि २०२३ पासून सायबर सुरक्षेचे १. नवीन वकिलांना पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी १६, म्हणजे एकूण ३२. मुदत वाढदिवसाशी जोडलेली असते.

न्यू जर्सी : दोन वर्षांत २४. त्यात ५ नीतिमत्ता व व्यावसायिक आचरणाचे, आणि त्या पाचांतले २ विविधता व भेदभाव या विषयावरचे.

कॅलिफोर्निया : तीन वर्षांत २५ तास, त्यात नीतिमत्तेचे ४. शिवाय भेदभाव, तंत्रज्ञान, आणि वकिलांमधील व्यसने व मानसिक आरोग्य याही विषयांचे तास राखून ठेवलेले आहेत. आडनावाच्या आद्याक्षरावरून तीन गट पाडतात. कुलकर्णी आणि पाटील एकाच फर्ममध्ये असले तरी त्यांच्या मुदती वेगवेगळ्या वर्षी येतात.

टेक्सास : दर वर्षी १५, त्यात नीतिमत्तेचे ३. वर्ष मोजतात ते जन्ममहिन्यापासून.

इलिनॉय : दोन वर्षांत ३०, त्यात व्यावसायिक जबाबदारीचे ६.

पेनसिल्व्हेनिया : दर वर्षी १२, त्यात नीतिमत्तेचे २.

हे आकडे बदलत असतात. तेव्हा मुदत जवळ आली की आपापल्या राज्याच्या बारच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

तास कसे भरतात?

पूर्वी हॉटेलच्या सभागृहात दिवसभराचे व्याख्यान, वर कॉफी आणि जाड बाइंडर, असा प्रकार असे. आता बरेच काम वेबिनारवर होते. नुसता व्हिडिओ लावून पोळ्या लाटायला जाता येऊ नये म्हणून मध्येच एक कोड सांगतात. तो टिपून ठेवला नाही तर क्रेडिट गेले!

व्याख्याने ऐकणे हा एकच मार्ग नाही. मान्यताप्राप्त कोर्समध्ये शिकवले किंवा कायद्यावर लेखन केले तरी अनेक राज्यांत क्रेडिट मिळते. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलांनी ठरवून दिलेल्या चौकटीत गरजूंचे काम विनामूल्य केले तर दर दोन तासांना एक क्रेडिट, असे दोन वर्षांत १० पर्यंत धरले जातात.

काही उपयोगी गोष्टी :

१. जास्तीचे तास पुढे नेता येतात का ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलांना ६ क्रेडिट पुढे नेता येतात, टेक्सासमध्ये १५. कॅलिफोर्नियात शिल्लक पुढे नेता येत नाही.

२. दोन राज्यांचे लायसन्स असेल तर एकच कोर्स दोन्हीकडे धरला जातो का, हे आधी विचारा. न्यूयॉर्क-न्यू जर्सी अशी जोडी असणाऱ्यांचे पैसे आणि रविवार दोन्ही वाचतात.

३. प्रमाणपत्रे जपून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये ती चार वर्षे ठेवावी लागतात. कॅलिफोर्नियात वकील स्वतःच तास पूर्ण केल्याचे कळवतो, पण नंतर तपासणीचे पत्र येऊ शकते.

४. खर्च मोठ्या फर्म उचलतात. स्वतःची प्रॅक्टिस असणाऱ्यांनी काउंटी बारचे मोफत कोर्सेस पाहावेत. न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त संस्थांना आर्थिक अडचणीतील वकिलांसाठी सवलतीचे धोरण ठेवावेच लागते.

५. २००३ मध्ये स्थापन झालेल्या साउथ एशियन बार असोसिएशनच्या परिषदांतही सीएलईची सत्रे असतात. नव्या वकिलांना तिथे आपल्याकडचे ज्येष्ठ वकील भेटतात, तो फायदा वेगळाच.

तास चुकले तर? आधी नोटीस आणि दंड. तरीही पूर्तता झाली नाही तर लायसन्स थांबते. टेक्सासमध्ये प्रशासकीय निलंबन होते, इलिनॉयमध्ये नाव मास्टर रोलवरून काढले जाते. नंतर ते परत लागू शकते, पण मधल्या काळात वकिली करता येत नाही. अशिलाची तारीख तेव्हाच असली तर काय होईल, याची कल्पना करावी.

आपल्या घराशी याचा काय संबंध?

होझे पडिया हा मूळचा होंडुरासचा ट्रकचालक. चाळीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत कायदेशीर रहिवासी आणि व्हिएतनाम युद्धात लढलेला. केंटकीत गांजा वाहून नेल्याच्या आरोपात त्याने गुन्हा कबूल केला. त्याचे म्हणणे असे की, इतकी वर्षे इथे आहेस, तुला इमिग्रेशनची काळजी नको, असे वकिलाने सांगितले होते. प्रत्यक्षात त्या कबुलीमुळे हद्दपारी जवळजवळ अटळ होती. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गुन्ह्याच्या कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे.

फौजदारी वकिलांना इमिग्रेशनचा कायदा शिकणे भाग पडले ते अशा निकालामुळे. आपल्यातला कुणी ग्रीन कार्डवरचा मुलगा एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या प्रकरणात सापडला आणि वकिलाने "कबूल करून टाक, दंडावर सुटशील" असे सांगितले, तर त्या वकिलाला हे माहीत आहे की नाही यावर त्या मुलाचे इथले राहणे अवलंबून असते.

इतर विषयांतही तसेच. नॅशनल इंटरेस्ट वेव्हरने ग्रीन कार्ड मागण्याचे निकष डिसेंबर २०१६ मध्ये, धनासर प्रकरणातल्या निर्णयाने बदलले. वारसाला मिळालेल्या निवृत्ती खात्याचे नियम २०२० पासून बदलले. पती-पत्नी सोडून बहुतेक वारसांना ते पैसे आता दहा वर्षांत काढावे लागतात, त्यामुळे जुने मृत्युपत्र किंवा ट्रस्ट पुन्हा दाखवून घेणे शहाणपणाचे. आणि जून २०२३ मध्ये तर न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल सादर केल्याबद्दल दोन वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून ५००० डॉलर दंड केला.

तास म्हणजे ज्ञान नव्हे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राज्य तास मोजते, पण बहुतेक तासांचा विषय वकिलाच्या मर्जीवर असतो. सगळे तास रिअल इस्टेटमध्ये घालवूनही तो इमिग्रेशनची केस घेऊ शकतो. शिवाय इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे कुठल्याही राज्याचे लायसन्स असलेला वकील देशभरातल्या अर्जदारांचे काम करू शकतो. म्हणजे तुम्ही एडिसनला राहता आणि वकिलाचे लायसन्स फक्त मॅसॅच्युसेट्सचे असेल, तर त्याच्यावर सीएलईची सक्तीच नसेल!

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती. ती नोव्हेंबर २०१६ पासून रद्द झाली आणि आपल्याला काय शिकण्याची गरज आहे हे प्रत्येकाने ओळखून तसे शिकावे, अशी पद्धत आली. अमेरिकेत तासांचीच पद्धत आहे. म्हणून बाकीची चौकशी आपणच करायची.

वकील ठरवताना हे विचारा :

१. लायसन्स कोणत्या राज्याचे आहे आणि आज चालू आहे का? बहुतेक राज्यांत नाव टाकून हे संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

२. माझ्या विषयावर गेल्या दोन वर्षांत कोणते कोर्स केले? चांगल्या वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो उत्साहाने सांगतो.

३. या विषयातले सर्टिफाइड स्पेशालिस्ट आहात का? कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये इमिग्रेशनसाठी असे प्रमाणपत्र आहे आणि त्यासाठी जादा शिक्षण लागते.

आणि नुसते फॉर्म भरून देणारे 'कन्सल्टंट' वकील नसतात. त्यांना बारची परीक्षा नाही आणि सीएलईही नाही. स्वस्तात पडतात म्हणून घरदार त्यांच्या हाती देऊ नये.

भारतातून कायदा शिकून आलेल्यांसाठी

पुण्याच्या आयएलएस किंवा मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमधून एलएल.बी. करून लग्नानंतर इकडे आलेल्या मैत्रिणी नेहमी विचारतात, "सीएलईचे कोर्स केले तर इथे वकिली करता येईल का?" उत्तर, नाही. सीएलई हे लायसन्स मिळाल्यानंतरचे शिक्षण आहे. लायसन्ससाठी बारची परीक्षा द्यावीच लागते. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवीची आधी छाननी होते आणि अनेकांना इथली एलएल.एम. करावी लागते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेऊन वकिली करत असाल, तर कॅलिफोर्नियाचे नियमही जरूर पाहा, कारण परदेशात सनद असलेल्या वकिलांना तिथे परीक्षेला बसण्याची वाट आहे.

मात्र काही सीएलई व्याख्याने इतरांनाही ऐकता येतात. इथला कायदा कसा चालतो याची चव घ्यायला आणि ओळखी वाढवायला ती चांगली.

तर मंडळी, पुढच्या वेळी शनिवारी सकाळी मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली दिसली तर तिला कामाला हाक मारू नका. तो मधला कोड चुकला तर तास पुन्हा भरावा लागतो! आणि आपला वकील नेमताना मात्र दोन प्रश्न जास्तच विचारा.