कालच्या पिठाचा वारसा

विरजण संपलें म्हणून वाटी घेऊन शेजारच्या घरीं जाण्याचा प्रसंग कोणत्या गृहिणीवर आला नाहीं? कालच्या दह्याचा चमचाभर अंश आजच्या दुधांत पडला नाहीं, तर उद्यांचें दहीं नाहीं. पाश्चात्त्यांच्या पावालाहि शतकानुशतकें हाच न्याय लागू होता. आदल्या दिवशींच्या कणकेचा गोळा राखावयाचा, तो दुसऱ्या दिवशींच्या पिठांत मिसळावयाचा, आणि त्यांतूनच पुन्हां एक गोळा काढून ठेवावयाचा. या आंबट खमिराची कथा आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी यानें या रीतीची नोंद केली आहे. गॉल व स्पेन येथील लोक बिअरचा फेंस वापरीत व त्यांचा पाव हलका होई, असेंहि तो सांगतो. आपल्या गोव्यांतील पोदेरांनीं हेंच काम माडाच्या सुरेकडून करून घेतलें. पॅरिसमध्यें मात्र या फेंसावरून मोठा वाद माजला. १६६८ मध्यें तेथील विद्यापीठाच्या वैद्यकशाखेनें तो आरोग्यास अपायकारक ठरविला. १६७० मध्यें न्यायसभेनें ताज्या फेंसास परवानगी दिली. पण आंबणें हें जिवंत सूक्ष्म जीवांचें कार्य आहे, ही गोष्ट त्या वेळीं दोन्ही पक्षांस ठाऊक नव्हती. १८५७ पासून लुई पाश्चर याच्या प्रयोगांनीं ती पक्की झाली.

१८९६ मध्यें कॅनडांतील क्लोंडाइकच्या खोऱ्यांत सोनें सांपडलें, आणि हजारों माणसें तिकडे धांवलीं. तेथील हिवाळ्यांत खमीर गोठूं नये म्हणून हे लोक तें रात्रीं अंगाशीं धरून निजत, असें सांगतात. तेथें हिवाळा काढलेल्या जुन्या माणसांना ‘सावरडो’, म्हणजे आंबट कणीक, हेंच नांव पडलें. १९०६ च्या भूकंपांत सॅन फ्रॅन्सिस्को शहर जळत असतां बूदँ या बेकरी-घराण्यांतील लुईझ हिनें खमीर बादलींत घालून वांचविलें, अशी त्या घराण्याची आठवण आहे.

याच शहराच्या पावाचें मर्म १९७१ मध्यें क्लाइन व सुगिहारा या संशोधकांनीं उलगडलें. त्यांत यीस्ट व जंतु एकत्र नांदतात. पिठांतील माल्टोज साखर जंतु खातो, यीस्ट तिला शिवत नाहीं. म्हणून दोघांत भांडण नाहीं. जंतूच्या आम्लानें परके जीव दूर राहतात, आणि हें यीस्ट तें आम्ल सोसतें.

यावरून खमिराची निगा कशी राखावी तें उघड होतें. त्यास नियमानें ताजें पीठ व पाणी द्यावें; उन्हाळ्यांत अधिक वेळां द्यावें. उपास पडला तर अन्न सरतें, आम्ल वाढतें व यीस्ट दुबळें होतें. वर पाणी सुटलें तर घाबरूं नये. पीठ घालून तें पुन्हां सावरतें. परंतु बुरशी अगर गुलाबी छटा दिसली, तर मोह न धरतां तें टाकून द्यावें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कारखान्यांतील यीस्ट बाजारांत आलें, आणि घरोघरचीं खमिरें विसरलीं गेलीं. तीं कोणीं नष्ट केलीं नाहींत. एके दिवशीं त्यांना पीठ घालावयाचें राहिलें, इतकेंच. पुष्कळ वारसे असेच जातात.