थायलंडमधील गोमंतकीय : प्रवासाचे आणि पैशाचे नियम

नोकरी, व्यवसाय किंवा निवृत्तीनंतरचे वास्तव्य यांसाठी थायलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला दिवसांचे तीन हिशेब एकाच वेळी ठेवावे लागतात. पहिला थाई इमिग्रेशनचा, दुसरा थाई करखात्याचा आणि तिसरा भारतीय आयकर खात्याचा. त्यांतील कोणताही हिशेब चुकला तर दंड, व्हिसा रद्द होणे किंवा दुहेरी कराची मागणी असे परिणाम संभवतात.

वास्तव्याची नोंद

पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. त्यासाठी बिगर-स्थलांतरित व्हिसा आणि स्वतंत्र वर्क परमिट लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या आधारावर राहता येते. त्यासाठी आर्थिक पात्रता सिद्ध करण्याचा एक रूढ मार्ग म्हणजे थाई बँकेत 8 लाख बाथ ठेवणे.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर सलग 90 दिवस देशात राहिलेल्या परदेशी नागरिकाने आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. नियत तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत ही नोंद करता येते. देशाबाहेर जाऊन परत आल्यास मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. याखेरीज परदेशी भाडेकरू राहायला आल्यावर 24 तासांत त्याची नोंद करणे घरमालकाचे कर्तव्य आहे. व्हिसाची मुदत वाढवताना या नोंदीची पावती मागितली जाते, म्हणून ती घरमालकाकडून मागून घ्यावी.

परवानगीपेक्षा अधिक राहिल्यास दररोज 500 बाथ, कमाल 20 हजार बाथ दंड होतो. मुदतबाह्य वास्तव्य 90 दिवसांहून अधिक झाल्यास स्वतःहून हजर झालेल्यासही प्रवेशबंदी लागू होते. थाई कागदपत्रांवर बौद्ध सन छापलेले असते. ते इसवी सनापेक्षा 543 वर्षांनी पुढे असते. म्हणजे 2569 हे 2026 होय.

गावी येण्यापूर्वी

चतुर्थी किंवा नाताळसाठी गोव्यात येणाऱ्यांकडून होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे फेरप्रवेशाचा परवाना न घेणे. तो न घेता देश सोडल्यास एकेरी प्रवेशाच्या व्हिसावरील उरलेली मुदत किंवा वाढवून घेतलेले वास्तव्य तेथेच संपते आणि व्हिसाची प्रक्रिया नव्याने करावी लागते. एका फेरीसाठी 1,000 बाथ आणि अनेक फेऱ्यांसाठी 3,800 बाथ शुल्क आहे.

परतीच्या वेळी, 1 मे 2025 पासून लागू झालेले डिजिटल आगमनपत्र भरणे आवश्यक आहे. ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरता येते आणि विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. तिकीट काढताना बँकॉकचा सुवर्णभूमी की डॉन म्युआंग, तसेच गोव्यातील दाबोळी की मोपा, हे विमानतळ नीट पाहावेत. दोन्ही ठिकाणी एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्यात बराच वेळ मोडतो.

भारतात येताना जवळ 5,000 डॉलरहून अधिक मूल्याच्या परकीय नोटा, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून 10,000 डॉलरहून अधिक रक्कम असेल तर सीमाशुल्क विभागाकडे घोषणापत्र द्यावे लागते. भारतीय चलन 25 हजार रुपयांपर्यंत नेता-आणता येते.

बँक खाते आणि कर

परदेशी नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडल्यावर गोव्यातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याला धरून नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे. घरभाडे, निवृत्तिवेतन अशी भारतातील मिळकत त्यात जमा होते आणि त्यावरील व्याज करपात्र असते. थायलंडमधील कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास अनिवासी व्यक्तीला तिच्या व्याजावर भारतात कर पडत नाही आणि रक्कम मुक्तपणे परत नेता येते. एनआरओ खात्यातून मात्र आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंतच, कर भरल्याची कागदपत्रे देऊन, रक्कम बाहेर नेता येते.

एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस थायलंडमध्ये काढणारा तेथील करनिवासी ठरतो. 1 जानेवारी 2024 पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न अशा व्यक्तीने थायलंडमध्ये आणल्यास ते तेथे करपात्र धरण्याचा नियम आहे. त्याआधीची बचत यातून वगळली असल्याने 31 डिसेंबर 2023 रोजीची शिल्लक दाखवणारे बँक विवरण जपून ठेवावे. विवरणपत्राची मूळ मुदत पुढील वर्षाच्या 31 मार्चपर्यंत असते. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी भारतात भरलेल्या कराचे पुरावे लागतात.

भारतात वर्षाची मोजणी एप्रिल ते मार्च अशी होते. 182 दिवस येथे राहिल्यास माणूस निवासी ठरतो. भारतातील उत्पन्न 15 लाखांहून अधिक असलेल्या अनिवासी नागरिकाने मात्र 120 दिवसांची मर्यादा ध्यानात ठेवावी.

रोजच्या व्यवहारात, परदेशी कार्डावर थाई एटीएम दर वेळी साधारण 220 बाथ आकारते. म्हणून थोडे थोडे पैसे काढणे महाग पडते. यंत्राने रुपयांत रूपांतराचा पर्याय दिल्यास तो नाकारून बाथ निवडावे.

गोव्यातील घर आणि जमीन

अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्या भाडेकरूने आणि त्याच्याकडून घर विकत घेणाऱ्याने उगमस्थानी करकपात करणे बंधनकारक आहे. विक्रीत ही कपात मोठी असते. प्रत्यक्ष नफ्यावरचा कर कमी येणार असेल, तर कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मिळवावे.

गोव्याच्या नागरी संहितेनुसार समाईक मालमत्तेत विवाहबद्ध झालेल्या जोडप्यापैकी एकाला स्थावर मालमत्ता परस्पर विकता येत नाही. जोडीदार थायलंडमध्ये असेल तर त्याचे मुखत्यारपत्र लागते. ते बँकॉकमधील भारतीय दूतावासात किंवा चियांग माई येथील वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलेल्यांचे भारतीय नागरिकत्व संपते. असे गोमंतकीय ओसीआय कार्ड घेऊन येथे घर खरेदी करू शकतात. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस मात्र त्यांना विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते.

शुल्क आणि करनियम बदलत असतात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थाई इमिग्रेशनकडे आणि मोठी रक्कम हलवण्यापूर्वी बँक व सनदी लेखापालाकडे खातरजमा करावी. पासपोर्टवरील प्रत्येक शिक्क्याची तारीख एका वहीत उतरवून ठेवल्यास तिन्ही हिशेब त्या वहीतूनच जुळवता येतात.