वारभक्षणाची ‘प्राचीन परंपरा’ : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रसूतीनंतर मातेने स्वतःची वार (अपरा) शिजवून अथवा वाळवून, भुकटीच्या कॅप्सूलच्या रूपात सेवन करण्याचा प्रघात गेल्या काही दशकांत अमेरिका व युरोपातील काही वर्गांत पसरला आहे. त्यामुळे दूध वाढते, अशक्तपणा व नैराश्य टळते, असे पुरस्कर्ते म्हणतात आणि पुष्ट्यर्थ प्रथेच्या प्राचीनत्वाचा हवाला देतात. प्रस्तुत निबंधात या प्राचीनत्वाचाच विचार केला आहे.

या दाव्याचा मुख्य आधार चीन हा होय. ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेनसाओ गांगमू’ या द्रव्यगुणविषयक ग्रंथात मानवी वारेचा समावेश आहे, हे खरे. परंतु तेथे ती क्षीण रुग्णांना द्यावयाचे औषधी द्रव्य म्हणून येते. रुग्ण स्त्री असो वा पुरुष. ज्या मातेची वार तिनेच ती खावी, असा सूतिकाचार त्यातून सिद्ध होत नाही. औषध आणि आचार यांची येथे सरमिसळ झालेली दिसते. भारतीय परंपरेचा दाखला तर उलट दिशेने जातो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अपरा पडली किंवा नाही हे पाहण्याचे व न पडल्यास पाडण्याचे उपाय सविस्तर आले आहेत. सूतिकेच्या आहारात मात्र स्नेहपान व यवागू आहेत, अपरा नाही.

शॅरन यंग व डॅनियल बेनिशेक यांनी २०१० मध्ये १७९ मानवी समाजांविषयीच्या वांशिक नोंदी तपासल्या. वारेची विल्हेवाट लावण्याच्या रीती विपुल आढळल्या, त्यांत पुरणे सर्वांत प्रचलित. परंतु मातेने वार खाण्याची रूढ परंपरा कोठेही निर्विवादपणे दिसली नाही. न्यूझीलंडमधील माओरी भाषेत भूमी आणि वार या दोहोंना ‘व्हेनुआ’ हा एकच शब्द आहे. वार भूमीत पुरण्याच्या तेथील आचाराशी तो सुसंगतच म्हणावा लागेल. बहुतेक भूचर सस्तन प्राणी वार खातात, या युक्तिवादाने निसर्गाचा दाखला मिळतो, इतिहासाचा नव्हे.

मातेच्या वारभक्षणाच्या आधुनिक नोंदी प्रामुख्याने १९७० च्या दशकापासूनच्या, अमेरिकेतील नैसर्गिक प्रसूतीच्या चळवळीच्या काळातील आहेत. रुग्णालयीन प्रसूतीतील यांत्रिकतेविषयीची त्या स्त्रियांची तक्रार अस्थानी नव्हती. तथापि तक्रार रास्त असली म्हणून उपाय प्राचीन ठरत नाही, आणि निर्धोकही ठरत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०१६ मध्ये एका नवजात शिशूस ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ जंतूचा संसर्ग उपचारानंतर पुन्हा झाला. माता घेत असलेल्या वारेच्या कॅप्सूलमध्ये तोच जंतू आढळला. या घटनेचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

विशेष म्हणजे, ज्या चीनचा दाखला दिला जातो, तेथील अधिकृत औषधसंहितेच्या २०१५ च्या आवृत्तीतून मानवी वार वगळण्यात आली.